उलटी बाजू कोणासाठी? सोलापुरातील क्रॉस स्टिचची पार्श्वभूमी

सोलापुरात क्रॉस स्टिचचे, म्हणजे फुलीच्या टाक्याचे, पूर्ण झालेले काम एखाद्या जाणत्या बाईच्या हाती दिले, की ती आधी ते उलटे करून पाहते. मोर किती देखणा उतरलाय हे नंतर. मागे गाठी किती, दोरा कुठून कुठे ओढलाय, शेवट कसा दडवलाय, याची तपासणी आधी होते. नव्याने सुई धरलेल्या मुलींना याचा राग येतो. काम फ्रेममध्ये जाणार, मागे पुठ्ठा लागणार, मग मागची बाजू बघतो कोण, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. महिला मंडळांच्या छोट्या स्पर्धांतही यावरून दोन तट पडलेले दिसतात. काहींनी उलट्या बाजूचे गुण काढून टाकले, तर काहींनी गाठ दिसली की काम बाद, असा नियम केला. ही सवय कुठून आली हे पाहिले, तर दोन्ही तट नेमके कुठे घसरतात ते कळते.

युरोपातला इतिहास थोडक्यात सांगून पुरे. चौकटींवर बेतलेल्या नमुन्यांची छापील पुस्तके सोळाव्या शतकात जर्मनी आणि इटलीत निघाली. तारीख भरलेला सर्वांत जुना ज्ञात इंग्रजी नमुनापट (टाके आणि नक्ष्यांचे नमुने भरलेले कापड) १५९८चा असून तो लंडनच्या संग्रहालयात आहे. पुढे तिकडच्या मुलींना फुलीच्या टाक्यात अक्षरे आणि आकडे भरायला शिकवत. घरच्या चादरी, रुमाल, टॉवेल यांवर मालकाची आद्याक्षरे घालायची असत, धुवायला गेलेले कापड ओळखून परत यावे म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हाताने रंगवलेले चौकटींचे तक्ते विकायला आले. ज्याला चित्र काढता येत नाही त्यालाही घरे मोजून चित्र भरता येऊ लागले आणि कामाचा छंद झाला. आपल्याकडे हे सगळे मुख्यतः मुलींच्या शाळांतून आले. सोलापुरात अमेरिकन मिशनचे काम त्याच शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले होते, आणि मुलींची शाळा म्हटली की शिवण-भरतकाम हा ठरलेला विषय असे.

पण फुलीचा टाका सोलापूरला मिशनने दाखवला असे म्हणणे अन्यायाचे होईल. हे शहर कर्नाटकच्या वेशीवर आहे. घरात कानडी बोलणारी असंख्य कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि इरकल साडी हा इथल्या कपाटातला नेहमीचा ऐवज आहे. त्या इरकलीवर, काळ्या चंद्रकळेवर, खणाच्या चोळीवर जी कसूती, म्हणजे कर्नाटकातले पारंपरिक भरतकाम, भरली जाते तिचे टाके चार: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथे. यातला मेंथे म्हणजे सरळसरळ फुलीचा टाका. कसूतीत कापडावर नक्षी छापत नाहीत, पेन्सिलीने काढतही नाहीत. ताण्या-बाण्याचे, म्हणजे उभे-आडवे, धागे मोजत गोपूर, तुळशीवृंदावन, हत्ती, पालखी, रथ उभे करतात. गाठ मारत नाहीत. गवंतीत जाताना एक टाका घालायचा, एक मोकळा सोडायचा. परतताना मोकळ्या जागा भरायच्या. दोन्हीकडून नक्षी एकच दिसते. साडीचा पदर वाऱ्याने उलटला तरी गोपूर गोपूरच राहते.

उलटी बाजू पाहण्याची सवय इथून आली. तिला कारण होते, कारण कापड अंगावर नेसायचे होते.

शाळेने ही सवय घेतली आणि तिचा नियम केला. साधारण १९७० ते १९९० या काळात सोलापूरच्या मुलींच्या शाळांत ज्या शिकल्या, त्यांना टाक्यांची वही आठवत असेल. जाड कागदाच्या प्रत्येक पानावर मॅटीचा, म्हणजे चौकटी मोजता येतील अशा जाड सुती कापडाचा, एक तुकडा, त्यावर धावदोरा, साखळी टाका, काज टाका, गाठीचा टाका आणि मग फुली. मॅटी आणायला चाटी गल्ली किंवा नवी पेठ. दोरे अँकर छापाचे, लडीवर क्रमांक लिहिलेला. उन्हाळ्याच्या सुटीत हीच विद्या मोठ्या कामाकडे वळे, कारण घरात कोणाचे तरी लग्न ठरलेले असे आणि रुखवत मांडायचे असे. टीव्हीवरचे कव्हर, टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, हंसांची जोडी, झोपडी आणि नारळाचे झाड, दारावर ‘सुस्वागतम्’. नमुने मासिकांतून, शेजारणीकडून, मामेबहिणीच्या वहीतून यायचे आणि आलेखाच्या कागदावर पुन्हा उतरवले जायचे. त्या रुखवतातली कितीतरी कामे आज पेटीत पिवळी पडत असतील, पण त्यांतला हात पक्का होता. हे म्हणताना मी त्या पिढीच्या बाजूने थोडी झुकते, ते झुकू द्यावे.

सोलापूरला आणखी एक गोष्ट आपसूक मिळाली होती. इथली जेकार्ड चादर मागावर चढण्याआधी चौकटीच्या कागदावर जन्म घेते. डिझाइन करणारा एकेक घर रंगवतो, त्यावरून मागाला लावायच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पडतात आणि भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो. आता हे काम बरेचसे संगणकावर होते, पण हिशेब तोच. चौकटीत विचार करण्याची ही रीत शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरांत इतकी मुरलेली आहे, की तिथल्या मुलींना तक्ता वाचायला वेगळे शिकवावे लागत नाही. गोलाई घराघरांच्या पायऱ्यांनी कशी साधायची, डोळा एका घराने सरकला तर मोराचा चेहरा कसा बिघडतो, हे त्यांनी चादरीत पाहिलेले असते. मोर आणि वेलबुट्टी या दोन नक्ष्या चादरीतही आहेत आणि रुखवतातही.

आता मुख्य वादाकडे. शाळेत आणि नंतर मंडळांच्या स्पर्धांत ‘मागची बाजू पुढच्यासारखीच दिसली पाहिजे’ असा दंडक पडला. तो गवंतीला आणि तिच्याच पायऱ्या-पायऱ्यांच्या रूपाला, मुरगीला, लागू आहे. फुलीच्या टाक्याला तो लागूच होत नाही. ओळीने अर्ध्या फुल्या घालत गेलो आणि त्याच ओळीने परत येत त्या पूर्ण केल्या, तर मागे उभ्या रेघा दिसतात. फुल्या दिसत नाहीत. हे चुकीचे काम नव्हे, हेच बरोबर काम आहे. दोन्हीकडून फुली दिसेल असाही एक टाका आहे, पण त्याला दोरा जास्त लागतो, वाट वाकडी घ्यावी लागते आणि मोठ्या चित्रात तो कोणी घालत नाही. म्हणजे कसूतीच्या दोन टाक्यांचा नियम तिसऱ्याच टाक्यावर लादला गेला आणि त्यावर कित्येक मुलींचे गुण गेले. आपल्याला हे जमत नाही असे ठरवून ज्यांनी सुई ठेवून दिली, त्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

यातली दुसरी बाब मला अधिक खटकते. पाठीवर इतके लक्ष गेले की पुढे काय पाहायचे ते मागे पडले. क्रॉस स्टिचमध्ये सर्वांत आधी पाहण्याची गोष्ट म्हणजे वरची तिरकी रेघ. सगळ्या फुल्यांत ती एकाच दिशेने गेली पाहिजे. या दोऱ्याला मर्सराइज्ड सुताची चमक असते. दहा फुल्या उजवीकडे आणि मधल्या तीन डावीकडे झुकल्या, तर त्या तीन वेगळ्या छटेच्या वाटतात, मग रंग एकाच लडीतला का असेना. काम खिडकीजवळ तिरके धरा, दोष लगेच दिसतो. जुन्या रुखवतातल्या कामांत हा दोष भरपूर सापडतो, आणि त्यांच्या पाठी मात्र लखलखीत असतात.

तरी पाठीचे गुण सरसकट काढून टाकणाऱ्यांशीही मी सहमत नाही. पाठीत तीन गोष्टी अशा असतात की त्या पुढे येऊन बोलतात. पहिली गाठ. फ्रेममध्ये कापड ताणले की गाठीची गुठळी पुढून उठते, आणि मॅटीची भोके मोठी असल्याने धुताना ती आरपारही निघते. दुसरी लांब ओढलेला दोरा. काळा किंवा गडद लाल दोरा पांढऱ्या मोकळ्या कापडामागून दहा घरे ओढला, तर पुढून सावली दिसते. तीन-चार घरांपर्यंत चालते; त्यापुढे दोरा संपवून नव्याने सुरू करावा. तिसरी गोष्ट आवळलेले टाके. मागे दोरा तारेसारखा ताठ असेल, तर पुढे भोके रुंदावतात आणि कापड आक्रसते. या तिन्हींसाठी पाठ जरूर बघावी. रेघा उभ्या की आडव्या, शेवटचे टोक सुंदर कातरले की नाही, यावर गुण कापू नयेत.

गाठीला पर्याय सोपा आहे आणि तो शाळेत फारसा कोणी दाखवत नसे. बाजारातला भरतकामाचा दोरा सहा पदरी असतो. दोन पदरांनी भरायचे असेल, तर नेहमीच्या दुप्पट लांबीचा एकच पदर घ्यावा, तो दुमडावा आणि दोन्ही टोके एकत्र सुईत ओवावीत. पहिली अर्धी फुली घालून सुई मागे गेली, की तिथे उरलेल्या फासातून ती काढून हलके ओढायचे. दोरा अडकतो, गाठ लागत नाही. संपवताना सुई मागच्या चार-पाच टाक्यांखालून सरकवायची. दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला की वेळ वाचतो असे वाटते, पण तो भोकांतून घासून पिंजतो आणि त्याची चमक जाते. अधूनमधून काम उलटे धरून सुई लोंबकळू द्यावी, म्हणजे दोऱ्याचा पीळ आपोआप सुटतो. काम थांबवताना कापड ताणून धरणारी रिंग काढून ठेवावी. तिचा वळ कापडावर राहिला की सहजी जात नाही.

कापडाचा भाग या इतिहासात दुर्लक्षित राहिला आहे. मॅटी स्वस्त आणि टिकाऊ, पण तिचे घर दर वेळी चौरस असतेच असे नाही. ताण्यात इंचाला ११ घरे आणि बाण्यात १२ असतील, तर ११० घरे लांब-रुंद असलेले चित्र एका बाजूने १० इंच आणि दुसऱ्या बाजूने जेमतेम सव्वानऊ इंच भरते. पौर्णिमेचा चंद्र अंडाकृती होतो. जुन्या कामांतल्या राधा-कृष्णाचे चेहरे लांबट किंवा बसके का दिसतात, याचे कारण बहुतेकदा हे आहे. भरणारीचा दोष नसतो. विणकरांच्या गावात कापड घेताना दोन्हीकडून इंचभर मोजून पाहणे अवघड नाही. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फुलीसाठीच म्हणून विणले गेलेले ऐडा कापड आपल्याकडे सहज मिळू लागले ते फार नंतर. त्यात १४ काउंट म्हणजे इंचाला १४ घरे, दोन्ही दिशांनी. १४० घरांचे चित्र त्यावर १० इंच होते, तर १८ काउंटवर पावणेआठच्या आसपास. १४ला दोन पदर, ११ला तीन, सुई बोथट टोकाची, २४ नंबरची. टोकदार सुई धागाच फाडते आणि फुली घराबाहेर जाते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे घडले त्याने बाकी सगळे झाकून टाकले आहे. तक्ते मोबाइलवर आले. ते बहुतांशी परदेशी कंपनीच्या डीएमसी क्रमांकांत असतात, हातात लडी अँकरची; काळ्यासाठी तिकडचा ३१० आणि इकडचा ४०३ जुळतो, पण फिकट गुलाबी आणि मातकट छटांत जुळणी अंदाजाचीच असते. चेहऱ्यासाठीचे रंग क्रमांकावर न घेता दिवसाच्या उजेडात लड्या शेजारी धरून घ्यावेत. टाळेबंदीत २०२० साली घरोघरी रिंगा बाहेर निघाल्या आणि छापील किटही आले. त्यांत रंग कापडावरच छापलेला असतो आणि मोजावे लागत नाही. सुरुवातीला ते बरे. सवय मात्र त्याची होऊ नये, कारण मोजणे सुटले की कसूतीकडे जायची वाट बंद होते. घरातल्या फोटोवरून तक्ता काढून देणारी ॲपही आली. त्यातून ७०-८० रंगांचा तक्ता निघतो, एका रंगाची एकच फुली इकडे, एक तिकडे. मागे दोऱ्यांचे जंजाळ होणारच. अशा तक्त्यातले जवळजवळचे रंग एकत्र करून ते पंचवीस-तीसवर आणले, तर चेहरा बिघडत नाही आणि पाठही ताब्यात राहते.

कसूतीचे नमुनेही आता क्रॉस स्टिचचे तक्ते म्हणून फिरत आहेत, आणि सोलापुरातल्या बायकाच ते एकमेकींना पाठवतात. यात एक घोटाळा होतो. गवंतीतले गोपूर हे रेषांचे चित्र आहे. त्याची रेष घराच्या कडेने जाते. तक्ता करताना ती रेष भरलेली घरे समजून फुल्यांत बदलली, की गोपूर जाडजूड होते, कळसाची टोके बोथट होतात आणि दोन पायऱ्यांमधली मोकळी जागा बुजते. मूळ नमुना हाती असेल, तर रेषा एका पदराने गवंतीनेच भराव्यात आणि फुली फक्त मेंथेच्या जागी घालावी. ऐडावर हे नीट उतरते. धुतल्यावर सोलापुरी टॉवेल दुहेरी घालून काम त्यावर पालथे ठेवावे आणि मागून इस्त्री फिरवावी. टॉवेलच्या लुसलुशीत फाशांत टाके दबत नाहीत आणि गवंतीची रेष उठून राहते.