मूळव्याध समजून सोडून दिलेले रक्त

शौचावाटे रक्त पडले की आपल्या सोलापुरात पहिला दोष शेंगाचटणीच्या तिखटाला दिला जातो आणि दुसरा मूळव्याधीला. बहुतेकदा मूळव्याधीचा अंदाज खराही ठरतो. पण तपासणीविना तो खरा धरून महिनोन्महिने मलम लावत बसणे, ही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला दिलेली मोकळीक ठरू शकते.

हा रोग एका रात्रीत होत नाही. लहान आतड्याचा आतला पृष्ठभाग आपल्या टर्किश टॉवेलसारखा असतो, त्यावर असंख्य बारीक लव असते. मोठ्या आतड्यात मात्र लव नसते, तिथे लाखो सूक्ष्म आड खोदल्यासारखे खळगे असतात. प्रत्येक आडाच्या तळाशी मूलपेशी असतात. त्यांच्यापासून निपजलेल्या पेशी वर सरकत जातात आणि चार-पाच दिवसांत काठावर येऊन गळून पडतात. तळाशी ‘विभाजन करा’ असा संदेश देणारे बीटा-कॅटेनिन हे प्रथिन भरपूर असते. पेशी वर सरकली की एपीसी नावाच्या जनुकाचे प्रथिन त्याला नष्ट करण्यास मदत करते आणि विभाजन थांबते. एखाद्या पेशीतील एपीसी जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या, तर हा थांबण्याचा हुकूम तिला मिळतच नाही. पेशी साचत जातात आणि आतड्याच्या भिंतीवर कोंब उगवतो, त्यालाच पॉलिप म्हणतात. पुढे केरास, टीपी५३ अशा जनुकांत बिघाडांची भर पडली की त्याच कोंबाचा कर्करोग होऊ शकतो. बिघाडांची ही साखळी फेअरन आणि फोगेलस्टाइन या संशोधकांनी 1990 मध्ये मांडली. सगळे पॉलिप या वाटेने जात नाहीत, पण जे जातात त्यांना साधारणपणे दहा वर्षे लागतात, आणि चाळणी तपासणीचा, म्हणजे लक्षणे नसतानाच रोग हुडकण्याचा, सगळा डाव याच दहा वर्षांवर उभा आहे.

मोठा पॉलिप किंवा गाठ विष्ठेच्या घर्षणाने अधूनमधून पाझरते, पण ते रक्त डोळ्यांना दिसतेच असे नाही. ‘फिट’ ही विष्ठेची चाचणी मानवी हिमोग्लोबिनमधील ग्लोबिन प्रतिपिंडांच्या साहाय्याने ओळखते. त्यामुळे जुन्या ग्वायक चाचणीसारखे आदल्या दिवसांचे मटण तिला फसवत नाही. पाझर सतत नसल्याने ती दरवर्षी करावी लागते. ती सकारात्मक आली तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करावी लागते, आणि त्याच दुर्बिणीतून तारेचा फास टाकून पॉलिप काढताही येतो. रक्त डोळ्यांनी दिसत असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा कारण नसताना रक्तक्षय झाला असेल, तर मात्र फिटवर विसंबून न राहता थेट डॉक्टरांकडे जावे. ‘आतडी साफ’ करणाऱ्या चूर्णांचा इथे काडीचाही उपयोग नाही, कारण पॉलिप म्हणजे साचलेला मळ नव्हे.

अमेरिकेतील तज्ज्ञगटाने 2021 मध्ये तपासणी सुरू करण्याचे वय 50 वरून 45 वर आणले. आपल्याकडे या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे आणि सरकारी चाळणी तपासणीचा भर मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांवर आहे. ज्या जिल्ह्यातल्या बार्शीत 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, तिथल्या वाचकाने निदान एक चौकशी घरातच करावी: आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा रोग झाला होता का, आणि कोणत्या वयात? असेल, तर वयाच्या चाळिसाव्या वर्षी किंवा त्या नातलगाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, कोलोनोस्कोपीविषयी डॉक्टरांना विचारावे.