डॉकिंगची यादी पाठवण्याआधी एवढं वाचा

"यादी तर सोमवारीच मेल केली, रिझल्ट कधी?" प्रबंधाचं सबमिशन जवळ आलं की आमच्याकडे हा फोन ठरलेला. डॉकिंग, म्हणजे एखादा रेणू विषाणूच्या प्रथिनात कसा बसतो हे संगणकावर तपासणं, हे आमचं काम. तपासायच्या रेणूंची यादी आलेली असते, पण तीत नुसती नावं असतात, नाहीतर कुठल्याशा पेपरातून कापलेलं रेणूचं सपाट चित्र. उशीर होतो तो तिथे. संगणकाला बोल लावू नका.

विषाणूच्या प्रथिनाच्या खाचेत रेणू बसतो तो त्रिमितीत. क्विनीन आणि क्विनिडीन सपाट काढा, चित्र एकच येईल. पण एक हिवतापाचं औषध, दुसरं हृदयाचे ठोके बिघडले की देतात. कालमेघातल्या अँड्रोग्राफोलाइडमध्ये अणूंची मांडणी डावी-उजवी अशी दोन तऱ्हांनी होऊ शकेल अशा सहा जागा (कायरल केंद्रं) आहेत. म्हणजे कागदावर ६४ रूपं शक्य, झाडात त्यातलं एकच. चुकीचं रूप दिलं तरी सॉफ्टवेअर कुरकुरत नाही, छान उणे आठ-नऊचा स्कोअर काढून देतं (जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट असा अंदाज). मग व्हायव्हात परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवतात. रेणुभारावरूनही खात्री होत नाही: तुळशीतलं उर्सोलिक आम्ल आणि ओलिअ‍ॅनोलिक आम्ल, दोघांचं सूत्र तेच.

म्हणून नावापुढे पबकेम या रेणूंच्या मोफत ऑनलाइन कोशातला त्या रेणूचा क्रमांक, म्हणजे सीआयडी, लिहा. साधी एक्सेल फाइल पुरे. 'गुळवेलीचा अर्क' डॉक होत नाही, अर्कातले रेणू होतात. अर्कात कोणते रेणू आहेत ते दाखवणारा एलसी-एमएस तपासणीचा रिपोर्ट असेल तर तोच पाठवा. तोही नसेल तर चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेचा इम्पॅट डेटाबेस बघा. भारतीय औषधी वनस्पतींचे रेणू तिथे रचनेसकट फुकट मिळतात.

कंट्रोलचे, म्हणजे पद्धत बरोबर चालते का हे ओळखीच्या रेणूवर आधी पडताळण्याचे, पैसे वेगळे का, असं विचारतात. करोनाच्या मुख्य प्रोटिएजसाठी (विषाणूची प्रथिनं कापणारं एन्झाइम) बहुतेक जण ६एलयू७ या क्रमांकाची प्रथिनरचना सांगतात. त्यातला एन३ हा रेणू प्रथिनातल्या सिस्टीन १४५ या अमिनो आम्लाला रासायनिक बंधाने जखडलेला आहे, साध्या डॉकिंगला तो कंट्रोल म्हणून चालत नाही. आम्ही ६डब्ल्यू६३ ही रचना घेतो, त्यातला मूळ रेणू काढून पुन्हा बसवतो, आणि तो २ अँगस्ट्रॉमच्या (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक) आत जागेवर आला तरच तुमची यादी लावतो. यात मशीनचा आणि माणसाचा वेळ जातो. व्हिना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवरही चालतं, जरूर करून बघा. आमच्याकडे येणारे बरेच जण तसं करूनच येतात.

रुटीन या वनस्पतींतल्या, साखर जोडलेल्या रेणूसारखा मोठा रेणू स्कोअरमध्ये वर आला तरी आमच्या अहवालात खाली दिसेल. मोठ्या रेणूंना स्कोअर तसाही झुकतं माप देतो, आणि रुटीनची साखर आतड्यातच सुटून क्वेर्सेटिन हा छोटा रेणू उरतो. उणे ८.१ आणि उणे ८.४ यांत आम्ही डावं-उजवं करत नाही.

काढा-चूर्णवाल्या मंडळींना एक विनंती: लेबलवर छापायला 'विषाणूवर सिद्ध' असं पत्र आमच्याकडून मिळणार नाही. प्रयोगशाळेत आधी कोणते रेणू तपासावेत, एवढंच डॉकिंग सांगतं. ती निवड मात्र कारणांसकट लिहून देतो.

यादी साफ करून हवी असेल तर तेही करतो, दर वेगळा. एम.फार्म.च्या मुलांना सवलत आहे, कॉलेजचं ओळखपत्र आणा. ऑफिस गोरेगाव पूर्वेला, शनिवारी दुपारपर्यंत उघडं. फोन करून या.