जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑईल आणि गळती : ग्राहकांसाठी माहिती

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं ऑईल इंजिन ऑईलसारखं जळत नाही. ते कमी झालं म्हणजे कुठून तरी बाहेर गेलं. त्यामुळे दर दोन महिन्यांनी ‘अर्धा लिटर टाकून द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकाची गाडी आम्ही आधी लिफ्टवर घेतो, डबा नंतर फोडतो.

हे पत्रक टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या गिअरबॉक्ससाठी आहे : एसएक्स४, जुनी (सीव्हीटी नसलेली) कोरोला अल्टिस, जुनी व्हर्ना, आय१० ऑटोमॅटिक वगैरे. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर यंत्राने चालणारा), सीव्हीटी (बेल्टवर चालणारा) आणि डीएसजी (दोन क्लचचा) यांचं ऑईल आणि पद्धत वेगळी असते. आपली गाडी कुठल्या प्रकारची हे माहीत नसेल तर विचारा. सीव्हीटीत साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) गेलं तर बेल्ट घसरतो आणि गिअरबॉक्स कायमचा बिघडू शकतो.

ऑईल केव्हा बदलायचं

काही कंपन्या ‘लाइफटाइम ऑईल’, म्हणजे कधीच न बदलायचं, असं म्हणतात. घोडबंदर रोडला गायमुख घाटात ट्रकच्या मागे पहिल्या गिअरवर सरकणाऱ्या गाडीला ते लागू नाही. कन्व्हर्टर घसरत राहतो, रेडिएटरला वारा लागत नाही आणि ऑईल तापतं. अशा वापरात ४० ते ५० हजार किलोमीटर किंवा ४ वर्षं, जे आधी होईल ते, असं आमचं मत आहे. आणि चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, ब्रेक वापरा.

नवं ऑईल लालसर आणि पारदर्शक असतं. तपकिरी झालं तर वेळ आली. काळं असून जळका वास येत असेल तर क्लच प्लेटी झिजल्यात. तेव्हा ऑईल बदलून गाडी नवी होणार नाही. ‘आरपीएम चढतो पण गाडी ओढत नाही’ ही तक्रार असेल तर हे आम्ही काम सुरू करण्यापूर्वीच स्पष्ट सांगतो. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी-दुधट दिसलं तर गाडी चालवूच नका : रेडिएटरमधला, गिअर ऑईल थंड करणारा कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय. प्लेटींवरचं अस्तर त्याने सुटतं.

गळती कुठून

आधी गाडीखालचा डाग ओळखा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, इंजिन ऑईल काळपट. लाल डाग दिसला की गिअरबॉक्सच, असं धरू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही लाल एटीएफच असतं. तिथली बाटली खाली गेली आहे का ते बघा.

गाडी चालताना वाऱ्याने ऑईल मागे आणि खाली पसरतं, म्हणून सगळ्यात ओली जागा म्हणजे गळतीची जागा नव्हे. आम्ही खालचा भाग डीग्रीझरने धुतो, सुकवून टाल्कम पावडर मारतो, दहा-पंधरा किलोमीटर फिरवून परत लिफ्टवर घेतो. पावडरीवर सगळ्यात वर जिथे ओघळ सुरू होतो, तिथे गळती.

सर्वात आधी ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारी नळी) बघतो. तो चिखलाने बुजला की आत दाब वाढतो आणि चांगलं सीलही ऑईल सोडतं. साफ करायला पाच मिनिटं लागतात. त्यानंतर नेहमीची ठिकाणं : चेंबरचं (गिअरबॉक्सखालच्या ऑईलच्या भांड्याचं) पॅकिंग, ड्रेन बोल्टचा वायसर, कूलरचे होज पाइप आणि क्लिपा, गिअर सिलेक्टरच्या शाफ्टचं सील, आणि पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या एक्सलची ऑईल सीलं.

एक्सलचं सील बऱ्याच गाड्यांत बदलून दिलं जातं आणि पुन्हा गळतं, कारण नुसतं सील बदललेलं असतं. शाफ्टवर जिथे सील बसतं तिथे नखाला लागेल एवढी चर पडली असेल तर शाफ्टही बदलावा लागतो, किंवा सील किंचित आत-बाहेर बसवावं लागतं. डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) बेअरिंगमध्ये ढिलेपणा असेल तर कितीही महागडं सील टाका, टिकणार नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून लाल ऑईल टपकत असेल तर पंपाचं पुढचं सील गेलंय. सील स्वस्त, पण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरी त्याचीच.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या आम्ही टाकत नाही. त्या कडक झालेलं रबर थोडे दिवस फुगवतात. फाटलेल्या होजला आणि वाकलेल्या चेंबरला त्यांचा काही उपयोग नाही.

ऑईल बदलताना

भरायचा बोल्ट आधी सैल करून बघतो, मग ड्रेन बोल्ट खोलतो. उलटं केलं आणि वरचा बोल्ट अडकला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी तशीच उभी.

निघालेलं ऑईल मोजतो. साधारण ३ ते ४ लिटर निघतं. बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. गिअरबॉक्समध्ये एकूण ८ लिटर असेल आणि साडेतीन निघालं, तर एका फेरीत ४४ टक्केच ऑईल नवं होतं. दुसऱ्या फेरीत ६८, तिसऱ्या फेरीत ८२ टक्के. म्हणून जुन्या, कधीच ऑईल न बदललेल्या गाडीला आम्ही दोन-तीन फेऱ्या सुचवतो, मध्ये काही दिवस गाडी वापरू देतो. मशीनने दाब देऊन फ्लश करत नाही. तळाचा गाळ सुटून व्हाल्व्ह बॉडीत (गिअर बदलण्यासाठी ऑईल वळवणाऱ्या भागात) अडकू शकतो.

चेंबर काढला की आतला चुंबक बघतो आणि ग्राहकाला दाखवतो. राखाडी लेप चालतो, चमकणारे तुकडे चालत नाहीत. फिल्टर बदलतो. पॅकिंग असेल तिथे वरून सिलिकॉन लावत नाही. काही गाड्यांना पॅकिंग नसून लिक्विड सीलंटच असतं, तिथे जुनं पूर्ण खरवडून लावतो. चेंबरचे बोल्ट टॉर्क पान्यानेच कसतो. हाताने जोर लावला की पत्र्याची कड वाकते आणि नवं पॅकिंगही गळतं.

ऑईलचा ग्रेड गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच. टोयोटाचं टी-फोर आणि डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-थ्री आणि एसपी-फोर ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. डब्यावर ‘सर्व गाड्यांसाठी’ लिहिलेलं आम्ही वापरत नाही.

शेवटी पातळी. ऑईल गरम हवं, सगळे गिअर एकदा फिरवलेले हवेत. टोयोटात इंजिन चालू ठेवून पार्कवर काडी (ऑईलची पातळी मोजायची पट्टी) बघतात, होंडात इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात. काडी नसलेल्या गाडीत ठरावीक तापमानाला लेव्हलच्या बोल्टमधून ऑईल थेंबथेंब यायला लागलं की पातळी बरोबर. जास्त भरलं तर फेस होतो, गिअर घसरतो आणि ब्रीदरमधून ऑईल बाहेर येतं. मग ‘नवी गळती’ म्हणून गाडी परत येते.

गाडी बंद पडली किंवा आणायची असेल तर

पुढची चाकं जमिनीवर ठेवून टोचन लावू नका. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही, आतले भाग कोरडे घासतात. फ्लॅटबेड मागवा. पावसात गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर सुरू करण्याआधी ऑईलचा रंग तपासून घ्या.

काम अर्ध्या दिवसाचं; पुढचं सील असेल तर दोन दिवस धरा. गाडी थंड असताना सोडा, आणि येताना खालून धुऊन आणू नका. ओघळाची खूण त्यातच जाते.