लघवीतली साखर उशिरा का दिसते?

चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या लघवीच्या आजारांची, पूर्वरूपं सांगितली आहेत. तोंड गोड लागणं, हातापायांना बधिरपणा आणि आग, आणि अंगाकडे व लघवीकडे मुंग्यांची रीघ. पूर्वरूप म्हणजे रोग उभा राहण्याआधीची चाहूल. तेव्हा लघवीवरून हा आजार आधीच ओळखावा, ही अपेक्षा फार जुनी आहे. मुंग्या मात्र तेव्हाही उशिराच येत असणार.

युरोपात थॉमस विलिसने १६७४ साली रुग्णाची लघवी मधासारखी गोड असल्याचं लिहिलं. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने ती आटवून तळाची साखरच दाखवली. रक्तातला द्रवही गोड लागतो, हे त्याने नोंदवलं होतं. पण रक्तातली साखर रोजच्या रोज मोजण्याची सोय व्हायला फार काळ गेला, आणि तोवर डॉक्टरांची भिस्त लघवीवरच राहिली.

१९०८ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्टने आपलं निळं द्रावण आणलं. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि मग स्पिरिटच्या दिव्यावर उकळी. निळं राहिलं तर साखर नाही. नाहीतर हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी. ‘शुगर प्लस-प्लस’ हे बोलणं याच पायऱ्यांमधलं. खोट एवढीच की द्रावणातल्या तांब्याला ग्लुकोज आणि बाळंतिणीच्या लघवीतलं लॅक्टोज यांतला फरक कळत नाही. तो फरक १९५६ मध्ये आल्फ्रेड आणि हेलन फ्री या दांपत्याच्या ‘क्लिनिस्टिक्स’ पट्टीने केला. तिच्यातलं विकर (एन्झाइम) फक्त ग्लुकोजवर काम करतं.

पट्टी सुधारली, पण मूत्रपिंड होतं तसंच राहिलं. गाळलेली साखर ते जवळजवळ सगळी परत रक्तात ओढून घेतं. रक्तातलं प्रमाण डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेलं की मगच ती लघवीत सांडते. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ पासून मधुमेह. म्हणजे ज्या काळात सावध व्हायला हवं, त्या काळात लघवी बहुधा स्वच्छ. ‘लघवीत काही नाही’ म्हणून निर्धास्त झालेली माणसं आजही भेटतात. उलट गरोदरपणी हा उंबरठा खाली येतो आणि मधुमेह नसतानाही साखर दिसू शकते.

लघवी तपासणी बाद मात्र झाली नाही, तिचं काम बदललं. १९८०च्या दशकात लघवीतल्या अगदी थोड्या अल्ब्युमिन या प्रथिनावरून मधुमेहींच्या मूत्रपिंडाचा पुढचा धोका आधी कळतो, हे पुढे आलं. म्हणून मधुमेहींना आता वर्षातून एकदा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे लघवीतल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाच्या मानाने अल्ब्युमिन किती ते, तपासायला सांगतात. ते क्रिएटिनिनच्या ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या खाली असावं.

साखरेच्या पट्टीची तर अलीकडे गंमतच झाली आहे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहावरच्या गोळ्या मूत्रपिंडाला साखर परत ओढू देत नाहीत, ती मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढतात. अशी गोळी घेणाऱ्याची रक्तातली साखर उत्तम ताब्यात असली, तरी पट्टी गडद रंग दाखवते.