किती वेळ झाला?

कोल्हापुरात रिक्षात बसून ‘सीपीआर’ म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही ‘थोरला दवाखाना’. त्यामुळे आमच्या पेठेतल्या तालमीच्या फळ्यावर ‘रविवारी सकाळी सीपीआर’ असं खडूनं लिहिलेलं बघून शेजारच्या आजींनी मला थांबवलं. “दवाखाना हितं आणत्यात व्हय रं?”

हा सीपीआर वेगळा. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचं, त्या क्रियेचं इंग्रजी लघुनाव योगायोगानं तेच आहे.

हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं यांत आपण सर्रास घोळ घालतो. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. माणूस घामाघूम होतो, छाती धरतो, पण बहुतेकदा बोलत असतो. हृदय बंद पडतं तेव्हा बऱ्याचदा गोंधळ विजेचा असतो: ठोका पडायच्या ऐवजी स्नायू नुसता थरथरतो, रक्त पुढं सरकत नाही आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. पहिल्यातून दुसरं उद्भवू शकतं. मग चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, आणि कुणीच काही केलं नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. संध्याकाळच्या गर्दीत गंगावेशीतून थोरल्या दवाखान्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे कोल्हापूरकराला सांगायला नको.

सात-आठ वर्षांपूर्वी माझे काका संध्याकाळी चहा पिता पिता कोसळले. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “किती वेळ झाला?” काकू म्हणाल्या, पाच मिनिटं. चुलतभाऊ म्हणाला, वीस तरी. बरोबर आलेले शेजारी म्हणाले, दूधवाला नुकताच येऊन गेला होता. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. यातलं नेमकं काय लिहिलं असेल, हे मला पुढं बरीच वर्षं खटकत राहिलं. जगभरचे हृदयरोगतज्ज्ञही याच प्रश्नाशी अडले होते, हे फार उशिरा वाचनात आलं.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. विल्यम कौवेनहोवेन हे मुळात विद्युत अभियंते. शॉक लागून लाइनमन मरायचे, त्यावर उपाय शोधता शोधता ते हृदयापाशी पोचले. कुत्र्यांवर प्रयोग चालू असताना त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आलं की हृदयाची थरथर थांबवायला विजेचा झटका द्यायच्या आधीच, त्या यंत्राचे जड पॅडल छातीवर नुसते दाबले तरी रक्तदाब थोडा वर चढतोय. जेम्स ज्यूड या सर्जनला बरोबर घेऊन तिघांनी १९६० साली हे प्रसिद्ध केलं. त्याआधी बंद पडलेलं हृदय चालवायचं तर छाती उघडून हातानं दाबावं लागे. आता दोन हात पुरणार होते, आणि ते डॉक्टरचे असायला हवेत असंही नव्हतं.

पण शिकवायचं कशावर? जिवंत माणसाची छाती दाबून सराव करता येत नाही. मूळचे व्हिएन्नाचे डॉक्टर पीटर साफर बाल्टिमोरमध्येच तोंडानं श्वास देण्याच्या तंत्रावर काम करत होते. ते आणि नॉर्वेचे भूलतज्ज्ञ ब्योर्न लिंड यांनी गाठ घातली ती एका खेळणी बनवणाऱ्याशी: स्टाव्हँगरचे ओस्मुंड लेर्डाल. या गृहस्थांनी स्वतःच्या दोन वर्षांच्या मुलाला बुडता बुडता वाचवलं होतं, त्यामुळे त्यांना फार पटवावं लागलं नाही. त्यांनी माणसाएवढी बाहुली केली आणि तिला चेहरा दिला तो पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या, म्हणे, एका अनोळखी मुलीच्या मुखवट्याचा. तिचीच कुणीतरी नात-पणती त्या रविवारी आमच्या तालमीच्या सतरंजीवर पडली होती.

शहरोशहरी लोक छाती दाबायला शिकले. त्याचे आकडेही येऊ लागले, आणि तिथं सगळं बिनसलं. १९९०मध्ये २९ शहरांचा ताळा मांडला तर कुठं शंभरातले २ वाचत होते, कुठं २५. एवढा फरक? कुणाचे डॉक्टर बारापट हुशार असतात का?

गुळावरून सांगतो. एक गुऱ्हाळवाला म्हणतो, आज ४० रवे निघाले. दुसरा म्हणतो, माझे १००. पहिल्याचा रवा ३० किलोचा आणि दुसऱ्याचा १० किलोचा असला, तर जास्त गूळ पहिल्याचाच. इथंही तसंच होतं. कुणी सगळे कोसळलेले मोजत होतं, कुणी फक्त ज्यांच्यावर उपचार सुरू केले तेवढेच. कुणाच्या लेखी नाडी लागली की माणूस ‘वाचला’, तर कुणाच्या लेखी तो चालत घरी गेला तरच. वेळसुद्धा कुणी कोसळल्यापासून मोजे, कुणी फोन आल्यापासून.

जून १९९०मध्ये निरनिराळ्या देशांतले डॉक्टर स्टाव्हँगरजवळच्या एका बेटावर, उटस्टाइन नावाच्या जुन्या मठात जमले. तिथं नवं औषध निघालं नाही की यंत्र. ठरला तो एक तक्ता. कोसळताना कुणी पाहिलं का? आसपासच्या कुणी छाती दाबली का? यंत्राच्या पडद्यावर पहिल्यांदा दिसलेली हृदयाची लय विजेचा झटका देण्याजोगी होती का? फोन किती वाजता, गाडी किती वाजता, झटका किती वाजता? रुग्णालयातून जिवंत बाहेर पडला का? रवा एकाच वजनाचा करायचा, बस्स. देशोदेशींनी मिळून काम करायचं, परदेशी विद्यापीठाशी करार वगैरे म्हटलं की आपल्याला शाल, श्रीफळ आणि फोटो आठवतो. माझ्या मते त्या मठातला कंटाळवाणा तक्ता अशा शंभर फोटोंना भारी आहे.

कारण तक्ता एक झाल्यावर तुलना करता येते. १९९२मध्ये निरनिराळ्या खंडांतल्या संस्थांनी मिळून एक समिती केली. ती सगळीकडचे पुरावे एकत्र वाचते आणि मग नियम सुधारतात. पूर्वी १५ दाबांमागे २ श्वास द्यायचे; २००५ साली ३० दाबांमागे २ असं झालं. कारण हापशासारखं आहे. पहिल्या काही हातांना पाणी येत नाही, धार लागायला वेळ जातो, आणि थांबलात की पुन्हा पहिल्यापासून. छाती दाबताना हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला दाब असाच हळूहळू चढतो आणि थांबताच झरकन उतरतो. म्हणून थांबणं कमी करायचं.

आशियातही असा ताळा झाला. सिंगापूरच्या पुढाकारानं सात देशांनी दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्या ६६,७८० जणांच्या नोंदी एकाच तक्त्यात भरल्या. वाचण्याचं प्रमाण देशागणिक शंभरात अर्ध्यापासून साडेआठपर्यंत निघालं, आणि आसपासच्या माणसांनी छाती दाबण्याचं साधारण १० ते ४१ टक्के.

तर तालीम. शिकवायला एक तरुण डॉक्टर आली होती. पहिला पुढं सरसावला तो नव्वद किलोचा पैलवान. दाब जबरदस्त, बाहुली कट्‌कट्‌ वाजत होती, पण तो वर येतच नव्हता.

“दादा, सोडा पण. छाती पूर्ण वर येऊ द्या. हृदय भरतं ते सोडल्यावर.”

दाब ५ ते ६ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२०. तिनं मोबाइलवर ठेका लावला. पैलवान म्हणाला, “मैदानातल्या हलगीपेक्षा संथच हाय की.” दोन मिनिटांत तो घामानं निथळला. तेवढ्यात माणूस बदलायचा असतो, कारण दमलेल्याचे दाब उथळ होतात आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. आचके देत घेतलेला श्वास म्हणजे श्वास नव्हे, हेही तिनं दोनदा सांगितलं. त्याला श्वास समजून लोक थांबतात.

शेवटी तिनं तक्त्याचा कागद फिरवला. पैलवानानं तो वाचला आणि म्हणाला, “ताई, मानूस मरायला टेकलाय आन्‌ घड्याळ कोन बघनार?”

“दाबणाऱ्यानं नाही बघायचं. दुसऱ्यानं १०८ला फोन लावायचा. वेळ मोबाइलमध्ये आपोआप राहते.”

मी घरी येऊन काकूंना हे सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. आम्ही त्या दिवशी फोन कुणालाच केला नव्हता. काकांना उचलून थेट रिक्षात घातलं होतं.