पुढची डॉली की मागची? तीनचाकी शेडमध्ये वळवायची तर

साधी मोटरसायकल साइड स्टँडवर कलती केली की जागेवरच गरकन फिरवता येते. तीनचाकीला ही सोय नाही. ती कलत नाही, आणि गावात बांधून घेतलेल्या बऱ्याच गाड्यांना रिव्हर्स गिअरही नसतो. टिनाच्या शेडमध्ये एका अंगाला कोठा आणि दुसऱ्या अंगाला खताच्या थैल्या असल्या की पुढे-मागे करायलाही जागा राहत नाही. मग माणूस वेल्डिंगच्या दुकानात जाऊन सांगतो, "गाडी सरकवायला एक डॉली करून द्या." दुकानदार विचारतो, किती वजनाची? कोणत्या चाकाखाली ठेवायची, हे मात्र सहसा विचारलं जात नाही.

डॉली या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू चालतात. एक पुढच्या चाकाखाली जाते, दुसरी मागच्या अ‍ॅक्सलखाली. दोघींना चार फिरती कॅस्टर, म्हणजे कोणत्याही दिशेला वळणारी छोटी चाकं, दोघी लोखंडाच्या, त्यामुळे दिसायलाही बहिणी वाटतात. पण गाडी एकीवर एका बिंदूभोवती फिरते आणि दुसरीवर भलत्याच बिंदूभोवती. चुकीची करून घेतली तर ती कितीही मजबूत असो, गाडी पाहिजे तिकडे वळत नाही.

बैल सोडल्यावर बंडी कशी लावतात ते आठवा. जू हातात धरून डावीकडे-उजवीकडे नेलं की बंडी आपल्या दोन चाकांच्या मधल्या बिंदूवर फिरते. पुढच्या डॉलीवरची तीनचाकी अगदी तशीच वागते. मागची दोन चाकं जमिनीवरच असतात आणि तोंड मोकळं फिरतं. मागच्या डॉलीवर उलटं होतं. पुढचं चाक जमिनीला टेकलेलं असतं आणि शेपूट त्याच्याभोवती झाडूसारखं फिरतं.

यावरून जागेचा हिशोब निघतो. चाकतळ, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर, 1.9 मीटर धरा. पुढच्या डॉलीवर तोंडाचं टोक साधारण 2.2 मीटरच्या त्रिज्येत फिरतं, मागचा कोपरा मात्र 70 सेंटिमीटरच्या आसपासच हलतो. म्हणजे शेपूट भिंतीजवळ ठेवून तोंड दाराकडे आणायचं असेल तर पुढची डॉली. मागच्या डॉलीवर हाउद्याचा, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या खोक्याचा, कोपरा 2.3 ते 2.4 मीटरच्या वर्तुळात फिरतो, तेव्हा गाडी तोंडाने आत घालून शेपूट बाजूच्या भिंतीला चिकटवायचं असेल तर ती बरी. आपल्या गाडीची मापं टेपने घेऊन शेडच्या जमिनीवर खडूने दोन्ही वर्तुळं आखा. निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच सुटतो.

उरलेल्या निम्म्यांनी अ‍ॅक्सल तपासायचा, आणि खरी मेख तिथे आहे. पुढच्या डॉलीवर गाडी जागेवर फिरते तेव्हा मागचं एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरायला हवं. डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी अ‍ॅक्सलमधली गिअरपेटी, असेल तर हे आपोआप होतं. पण काही बांधणीत दोन्ही चाकं एकाच सळईला पक्की असतात, मध्ये एक स्प्रॉकेट आणि चेन, बस. ती चाकं उलटसुलट फिरूच शकत नाहीत. मग टायर फरशीवर घासत ओढले जातात, काळे पट्टे उमटतात, दोन माणसं लागतात, आणि दोष मात्र बिचाऱ्या डॉलीला दिला जातो.

तपासणी पाच मिनिटांची आहे. पुढच्या चाकाला दोन्हीकडून गुटके लावा, मागची दोन्ही चाकं जॅकने उचला, अ‍ॅक्सलखाली भक्कम आधार द्या. इंजिन बंद, हँडब्रेक सुटा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. आता आधी एक आणि मग दुसरं चाक हाताने फिरवून पाहा. दुसरं उलट्या दिशेने फिरलं तर डिफरन्शिअल आहे. दोन्हीपैकी एकही चाक हललं नाही तर अ‍ॅक्सल एकसंध आहे, अशा गाडीला पुढची डॉली नको. एक चाक एकटंच मोकळं फिरलं आणि दुसरं गप्प राहिलं तर ताकद एकाच चाकाला जाते आहे. अशी गाडी न्यूट्रलमध्ये पुढच्या डॉलीवर छान फिरते. ही तपासणी न्यूट्रलमध्ये करू नका, तिथे सगळंच फिरतं आणि काही कळत नाही.

डिफरन्शिअल असलेल्या गाडीला आणखी एक फायदा मिळतो. गिअर पडलेला असला तरी चाकं एकमेकांच्या उलट फिरू शकतात, एका दिशेने मात्र नाही. म्हणून पुढची डॉली लावून गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवली तर ती दाराकडे घरंगळत नाही, पण तोंड हाताने फिरतं. शेडच्या कोब्याला धुण्याच्या पाण्यासाठी ढाळ दिलेला असतोच. 100 ला 1 ढाळावर 330 किलोची गाडी जेमतेम 3.3 किलोच्या ओढीने खाली खेचली जाते, 40 ला 1 असेल तर 8 किलोच्या. गुळगुळीत कोब्यावर चांगली कॅस्टर तेवढ्यातही चालू पडतात. मागच्या डॉलीवर गिअर आणि हँडब्रेक दोन्ही निकामी, कारण ती चाकं हवेत आहेत. तिथे पुढचा ब्रेक लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीने मुठीला करकचून बांधणं हाच ब्रेक. पुढे ब्रेकच नसेल तर मागची डॉली ढाळाच्या शेडमध्ये करूच नये.

दिव्यांगांसाठी जोडचाकं लावलेली स्कूटर या दोन्हींत नीट बसत नाही, पण तिचं सोपं आहे. जोडचाकं आपापल्या आसावर सुटी फिरतात आणि मूळ मागचं चाक बरोबर फिरण्याच्या बिंदूवर असतं. तिला पुढची डॉलीच, तीही हलकी.

वजन अंदाजाने धरू नका. आरसीवर रिकामं वजन असतं, पण हाउदा नंतर बसवला असेल तर तो आकडा कामाचा नाही. जिनिंगच्या किंवा धान्याच्या वजनकाट्यावर आधी फक्त पुढचं चाक चढवा, मग फक्त मागची दोन, मग पूर्ण गाडी. काटा 5 किंवा 10 किलोच्या टप्प्याने दाखवतो, तेवढं पुरे. रिकाम्या लोडर तीनचाकीत साधारण एक तृतीयांश भार पुढे आणि दोन तृतीयांश मागे येतो. 330 किलोची गाडी म्हणजे पुढे 110, मागे 220. परदेशी ट्राइकच्या डॉलीचे फोटो पाहून तेवढंच लोखंड घेऊ नका. हार्ली-डेव्हिडसनची ट्राय ग्लाइड एकटीच 500 किलोंच्या वर जाते.

कॅस्टर चार असली तरी भागाकार तीनने करायचा. खडबडीत कोब्यावर चौथं चाक बहुतेक वेळा हवेत असतं. पुढच्यासाठी 110 भागिले 3 म्हणजे 37 किलो. धक्के आणि गाडीवर टेकलेला माणूस धरून दुप्पट, म्हणून 75 किलो क्षमतेचं एकेक कॅस्टर. मागच्यासाठी त्याच हिशोबाने 150 किलोचं.

चाक 4 इंची घ्या, 2 इंची नको. काळ्या मातीवरचा कोबा पावसाळ्यात खालून फुगतो आणि मे महिन्यात भेगाळतो. बोटभर भेगेत 2 इंची चाक रुततं, 4 इंची ओलांडून जातं. नायलॉनचं चाक हलकं चालतं पण खडीवर कडा उडतात. रबराचं आवाज करत नाही, पण तापलेल्या टिनाखाली महिनोन्महिने भार घेऊन उभं राहिलं की एका जागी चपटं होतं आणि मग टकटक करत चालतं. पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, चाक दोन्हीच्या मधलं, बहुतेक शेडला तेच घ्यावं.

पुढची डॉली करताना फळीखाली चार चाकं ठोकण्याचा मोह टाळा. 4 इंची कॅस्टरची एकूण उंची 130 एमएमच्या आसपास भरते. तेवढ्यावर चाक चढवायचं तर रॅम्प लागतो, आणि उतरताना डॉली मागून सटकते. परात, म्हणजे गाडीचं चाक ज्यावर बसतं तो पत्रा, खाली लोंबती ठेवायची. 5 एमएमचा, म्हणजे दीड सुताचा पत्रा, 180 एमएम रुंद आणि 300 लांब, तळ जमिनीपासून 15 एमएम वर. दोन्ही बाजूंना 6 एमएमच्या उभ्या पट्ट्या, 450 लांब आणि कानाच्या वर आधारपट्टीला जागा उरेल इतक्या उंच. या पट्ट्यांच्या टोकांना बाहेरच्या बाजूला 6 एमएम पत्र्याचे चार कान. कानांच्या खालून कॅस्टर, वरून तिकोनी आधारपट्टी. आधारपट्टी खालून लावली तर कॅस्टर तिला अडतं.

बहुतेक घरगुती डॉल्या बिघडतात त्या याच अडण्याने. फिरत्या कॅस्टरचं चाक आपल्या खिळीपासून, म्हणजे ते ज्या उभ्या आसावर वळतं त्यापासून, बाजूला सरकलेलं असतं, त्यामुळे गोल फिरताना ते चाकाच्या त्रिज्येपेक्षा बरीच जास्त जागा घेतं. 4 इंची कॅस्टरला सुमारे 95 एमएम लागते. म्हणून खिळीच्या मध्यापासून उभ्या पट्टीपर्यंत 100 एमएम मोकळे सोडा. 70 सोडले तर डॉली पुढे जाते, दिशा बदलताना कॅस्टर पट्टीला टेकून थांबतं आणि ढकलणारा समजतो की बेअरिंग जाम झाली. कानाची उंचीही कागदावरून ठरवू नका. आधी कॅस्टर विकत आणा, मोजा, मग कान टाचा. कॅस्टर कानाला वेल्ड करायचं नाही. उष्णतेने गोळ्यांचं ग्रीस जळतं आणि चाक बदलताही येत नाही. 8 एमएमचे बोल्ट आणि नायलॉक नट वापरा. साधा नट महिन्याभरात कंपनाने ढिला होतो.

परातीच्या पुढच्या टोकाला 40 चा अँगल आडवा लावा, चाक तिथे थांबतं. मागच्या बाजूला परातीच्या वर 40 एमएमवर दोन्ही पट्ट्यांना समोरासमोर भोकं पाडून 12 एमएमची सळई आरपार घाला, चाक चढल्यावर. चढण फक्त 20 एमएमची, त्यामुळे बाभळीच्या लाकडाची एक पाचर पुरते. चढवताना डॉली पुढे पळते, म्हणून तिचं पुढचं टोक भिंतीला किंवा दगडाला टेकवा. मग पट्टा रिममधून ओवून डॉलीला बांधा. ब्रेकच्या डिस्कवरून पट्टा नेऊ नका, ती वाकते. हँडल सरळ ठेवून दोरीने बांधलेलं असावं, नाहीतर तोंड फिरवताना चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, आपल्याच मनाने वळतो.

मागची डॉली म्हणजे अ‍ॅक्सलखालची चौकट. 50 बाय 50 चा 3 एमएम जाडीचा चौकोनी पाइप घ्या. चौकटीची रुंदी मागच्या दोन टायरमधल्या मोकळ्या जागेपेक्षा 50 एमएम कमी. ही जागा 850 असेल तर 800. लांबी 450. रुंदीत काटकसर करू नका. 500 ची आटोपशीर चौकट हाताळायला बरी वाटते, पण एका अंगाने ढकलताच गाडी दुसऱ्या अंगाला झुकते, कारण पुढे तर एकच चाक टेकलेलं असतं. हाउद्यात काहीही सामान ठेवायचं नाही.

चौकटीवर दोन खुंट्या आणि त्यांवर अर्ध्या कापलेल्या पाइपची खाच, आत जुन्या टायरचा तुकडा. खाच अ‍ॅक्सलच्या नळीखाली स्प्रिंगजवळ येऊ द्या, डिफरन्शिअलच्या पत्र्याच्या झाकणाखाली नव्हे. चासीला आधार देऊ नका. चासी उचलली की स्प्रिंग सैल पडून अ‍ॅक्सल खाली लोंबतो आणि चाकं सुटायला भरपूर उंची लागते. खाचेची उंची अशी ठरवा: गाडी जमिनीवर असताना अ‍ॅक्सलच्या नळीचा तळ 250 एमएमवर असेल तर खाच 270 वर. चौकट आणि कॅस्टर मिळून 180 होतात, म्हणजे खुंटी आणि खाच मिळून 90.

एका जॅकवर काम भागतं, फक्त क्रम पाळा. मागची दोन्ही चाकं 50 एमएम जाडीच्या फळ्यांवर चढवा. अ‍ॅक्सल 300 वर जातो आणि 270 ची डॉली आत सरकते. पुढच्या चाकाला आणि पलीकडच्या मागच्या चाकाला गुटके लावा. चौकटीच्या मोकळ्या पोटातून जॅक एका स्प्रिंगजवळ उभा करा, थोडं उचला, त्या चाकाखालची फळी काढा आणि अ‍ॅक्सल खाचेत उतरवा. मग दुसरी बाजू तशीच. दोन्ही बाजू एकदम उचलायच्या नाहीत. दोन्ही एकदम अधांतरी असताना गाडी पुढे सरकली तर जॅक आडवा होतो. हात कधीही अ‍ॅक्सलखाली घालू नये, फळी दोरीने ओढावी.

दोन्ही डॉल्यांना दिशा बदलताना एक झटका बसतो. चारही कॅस्टर उलटी फिरतात आणि डॉली 7-8 सेंटिमीटर बाजूला उडते. भिंतीला अगदी चिकटून गाडी आणायची असेल तर शेवटचं ढकलणं एकाच दिशेने करा, आणि तरी चार बोटं जागा सोडा.

शेडमध्ये मुरूम किंवा शेणाने सारवलेली जमीन असेल तर यातलं काहीही उपयोगाचं नाही, कॅस्टर रुतून बसतात. फिरवायच्या जागेपुरती 18 एमएमची प्लायची पानं अंथरा आणि सांध्यावर पत्र्याची पट्टी टाका, नाहीतर चाक नेमकं त्या फटीत अडकतं. पावसाळ्यात पानं भिंतीला उभी करून ठेवा. खालच्या अंगाने ओल धरली की प्लाय फुगतो, आणि फुगलेल्या कडेवर 4 इंची चाकही चढत नाही.