विशेषज्ञतेचा अनधिकृत दावा, वैद्यकीय

नोंदणीकृत डॉक्टराने मान्यता नसलेल्या पदवी, पदविका वा फेलोशिपच्या आधारे स्वतःस एखाद्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेणे. हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. बोगस डॉक्टरांचा प्रश्न यापासून वेगळा धरतात, येथे एम.बी.बी.एस. खरी असते, तिच्यापुढे जोडलेली अक्षरे वादाची असतात.

या निर्बंधाचे मूळ १९१२ च्या मुंबई वैद्यक अधिनियमापर्यंत नेता येईल. मात्र त्याचा रोख नोंदणीवर होता. पदव्यांच्या खोट्या वापरास दंड १९१६ च्या भारतीय वैद्यकीय पदव्या अधिनियमात आढळतो: पहिल्या अपराधास २५० रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास ५०० पर्यंत. पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदव्या कोणी द्याव्यात हा त्या अधिनियमाचा मुख्य विषय असल्याने आजच्या अर्थाचा निर्बंध २००२ च्या नीतिविषयक विनियमांचाच मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नीतिविषयक विनियमांतील ७.२० नुसार त्या शाखेतील विशेष अर्हता असल्याखेरीज डॉक्टराने तज्ज्ञ असल्याचा दावा करू नये. ही अर्हता मान्यताप्राप्तच हवी, असे तेथे म्हटलेले नाही. त्यामुळे दीर्घ अनुभव किंवा खाजगी संस्थेचे प्रमाणपत्र पुरेसे आहे, असा युक्तिवाद करता येतो. १.४.२ मध्ये नावापुढे मान्यताप्राप्त पदव्याच लावाव्यात असे आहे. पण लगेच व्यावसायिक ज्ञान देणारी प्रमाणपत्रे व सदस्यत्वेही चालतील अशी पुस्ती आहे. (काही संघटनांचे सदस्यत्व केवळ शुल्क भरून मिळते.) १९५६ च्या भारतीय वैद्यक परिषद अधिनियमातील कलम २६ मध्ये अतिरिक्त अर्हतेच्या नोंदणीची तरतूद होती. ती जमेस धरता मान्यतेची अट गृहीत धरणारा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो.

महाराष्ट्रात हा वाद मुख्यतः मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स (सीपीएस, स्थापना १९१२) या संस्थेच्या अर्हतांभोवती फिरला. महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम, १९६५ च्या अनुसूचीत त्यांना स्थान होते, केंद्रीय मान्यता मात्र डळमळीत राहिली. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राने संस्थेच्या अनेक पदविकांना मान्यता दिली आणि जानेवारी २०१८ मध्ये स्त्रीरोग-प्रसूती, बालरोग व विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) या तीन वगळता ती मागे घेतली. परिणामी एकाच पदविकेचा धारक राज्याच्या नोंदवहीत तज्ज्ञ आणि राज्याबाहेर साधा पदवीधर, अशी स्थिती उद्भवू शके. याच संस्थेच्या नावाने बनावट प्रमाणपत्रे मिळवल्याच्या प्रकरणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये ५७ डॉक्टरांवर कारवाई केली. तो प्रकार उघड फसवणुकीचा असल्याने येथे केवळ अनुषंगाने येतो.

चौकशीअंती राज्याची वैद्यक परिषद ताकीद देते, किंवा नाव ठरावीक मुदतीसाठी वा कायमचे नोंदवहीतून काढते. अर्हता नसलेल्या पद्धतीने उपचार करणे हीच निष्काळजी, असे सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा खटल्यात (१९९६) म्हटले. तो होमिओपॅथने दिलेल्या ॲलोपॅथी औषधांविषयीचा होता. भारतीय वैद्यक परिषदेची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नवे विनियम ऑगस्ट २०२३ मध्ये निघाले व त्याच महिन्यात स्थगित झाले. त्यामुळे २००२ चे विनियम पुन्हा लागू करण्यात आले.